शाळेला दान मिळालेली फेरारी

मंडळी, आज नगरपालिका नाही, पाणीपट्टी नाही, रस्त्यावरचे खड्डे नाहीत. आज एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडी इटलीची आहे, आपल्या तालुक्यात ती कधी आली नाही आणि येणारही नाही. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी विषय आपल्याच घरातल्या माळ्यावर येतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं की, परवा स्टँडसमोरच्या टपरीवर एका पोरानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. लाल रंगाची जुनी गाडी, लिलाव चालू, टाळ्या पडतायत. पोरगं म्हणालं, "काका, ३४० कोटी! एका जुन्या गाडीचे! ह्यात आपल्या गावाची पाणी योजना झाली असती. काय असतं हो त्या गाडीत एवढं?"

मला उत्तर देता आलं नाही. पत्रकाराला असं गप्प बसणं जमत नाही, म्हणून दोन आठवडे जे मिळेल ते वाचत बसलो. गाडीत काय असतं ते कळलंच. पण खरी गोष्ट तिच्या इंजिनापेक्षा तिच्या मालकांची आहे.

आधी गाडीबद्दल थोडं.

गाडीचं नाव फेरारी २५० जीटीओ. २५० म्हणजे एका सिलिंडरची क्षमता, सीसीमध्ये. असे बारा सिलिंडर, म्हणजे इंजिन तीन लिटरचं, ताकद ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास. जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो, आणि ओ म्हणजे ओमोलोगातो. ह्या शेवटच्या शब्दाला आपल्या भाषेत जवळचा शब्द 'पासिंग'. म्हणजे शर्यतीच्या नियमांत बसवून मंजूर करून घेतलेली गाडी.

आता हे पासिंग कसं झालं ते ऐका. नियम असा होता की, जीटी गटात उतरायचं तर त्या प्रकारच्या १०० गाड्या कारखान्यानं बनवायला हव्यात. फेरारीनं ह्या गाड्या बनवल्या एकूण ३६. मग परवानगी मिळाली कशी? तर ही नवी गाडी नाहीच, आमच्या जुन्या २५० जीटीचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे, असं कागदावर दाखवून. जुन्या गाडीचा आकडा नव्या गाडीच्या मदतीला आला. आपल्याकडे आरटीओच्या दारात उभ्या असलेल्या एजंटलासुद्धा ह्याचं कौतुक वाटेल!

गंमत म्हणजे चासी नंबरसुद्धा त्याच थाटात. त्या काळी फेरारी रस्त्यावरच्या गाड्यांना विषम नंबर द्यायची आणि निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना सम. जीटीओ शर्यतीसाठीच बनली, पण तिला नंबर मिळाले विषम, रस्त्याच्या गाडीचे. हे चासी नंबर लक्षात ठेवा, पुढे त्यांनाच महत्त्व आहे.

गाडीचं काम सुरू केलं जोत्तो बिझ्झारिनी नावाच्या इंजिनिअरनं. पण १९६१ च्या शेवटी मालक एंझो फेरारी आणि त्यांची वरची माणसं ह्यांच्यात मोठं भांडण झालं. बिझ्झारिनीसकट बरेच जण बाहेर पडले. अर्धवट गाडी आली माउरो फोर्गिएरी ह्या पोराच्या हातात. वय वर्षं २६. त्यानं ती पुरी केली. पत्र्याचं काम मोदेना गावातल्या सर्जिओ स्कालिएत्तीच्या वर्कशॉपमध्ये झालं. अॅल्युमिनियमचा पत्रा कारागिरांनी हातानं ठोकून बसवलेला, त्यामुळे बारकाईनं पाहिलं तर एक गाडी दुसरीसारखी तंतोतंत नाही. २४ फेब्रुवारी १९६२ ला मारानेल्लोत पत्रकारांना बोलावून ती दाखवली.

किंमत अमेरिकेत १८ हजार डॉलर. तेव्हाच्या दरानं सुमारे ८६ हजार रुपये. पण पैसे आहेत म्हणून गाडी मिळेल असं नाही. गिऱ्हाईक कोण, हे एंझो फेरारी स्वतः बघणार. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला तिथला विक्रेता लुईजी किनेत्ती ह्याचा होकार लागायचा. म्हणजे पहिल्या मालकापासूनच ह्या गाडीला 'कुणाकडे गेली' ह्याची नोंद चिकटली.

शर्यतीत तिनं नाव काढलं. १९६२, ६३ आणि ६४, तिन्ही वर्षं मोठ्या जीटी गाड्यांची जागतिक स्पर्धा फेरारीकडे. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही गाडीवेड्या पोराला पाठ असते.

आता एका विशिष्ट गाडीकडे येतो. चासी नंबर ३५८९ जीटी.

ही गाडी १९६२ साली इंग्लंडला गेली. घेतली टॉमी सॉपविथनं. ह्याचे वडील म्हणजे पहिल्या महायुद्धातलं 'सॉपविथ कॅमल' विमान बनवणारे टॉमस सॉपविथ. मुलाची शर्यतीची टीम होती, तिचं नाव एक्विप एंडेव्हर. माईक पार्क्स हा इंजिनिअर-ड्रायव्हर ती पळवायचा.

तिथून गाडी अमेरिकेत, टेक्सास राज्यात गेली. व्हिक्टोरिया नावाचं गाव, तेल आणि गुरांच्या मोठमोठ्या रानांचा तो मुलूख. तिथल्या टॉम ओ'कॉनर ह्या श्रीमंत माणसाची रोजबड नावाची रेसिंग टीम होती. तिच्यासाठी ही गाडी इनेस आयर्लंड ह्या ब्रिटिश ड्रायव्हरनं चालवली. हा साधा ड्रायव्हर नव्हे, १९६१ ची अमेरिकन ग्रांप्री जिंकलेला माणूस. पुढे तो मोटारींवर लिहिणारा पत्रकार झाला. आमच्या बिरादरीतला, म्हणून मुद्दाम सांगितलं.

शर्यतीची गाडी दोन वर्षांत म्हातारी होते. नियम बदलतात, नवं मॉडेल येतं, इंजिन पुढून मागे जातं. ओ'कॉनरना ह्या गाडीचा उपयोग उरला नाही. मग त्यांनी काय केलं असेल? १९६४ साली ती गावातल्या शाळेला देऊन टाकली. व्हिक्टोरिया हायस्कूलला. तिथे मोटार मेकॅनिकचा वर्ग चालायचा. पोरांना शिकायला एक गाडी झाली.

डोळ्यांपुढे आणा मंडळी. आज जिच्या जवळ जायला विम्याचे कागद लागतात, त्या गाडीच्या बॉनेटमध्ये पंधरा-सोळा वर्षांची पोरं डोकं घालून उभी आहेत. बारा सिलिंडर, सहा कार्बोरेटर. आपल्याकडे आयटीआयला एक कार्बोरेटर खोलायला दहा पोरं असतात. त्या शाळेत सहा होते आणि तेही फेरारीचे.

१९७२ साली शाळेनं गाडी विकली. साडेसहा हजार डॉलरला. तेव्हाचे साधारण पन्नास हजार रुपये. घेणारा होता ओहायो राज्यातला एक गाडीवेडा गृहस्थ.

आणि त्यानं काय केलं? गाडी ट्रेलरवर चढवली आणि मोकळ्या शेतात नेऊन ठेवली. पंधराएक वर्षं. ऊन, पाऊस, बर्फ, सगळं तिच्या अंगावर. तिचा तो फोटो गाडीप्रेमींच्या जगात फार प्रसिद्ध आहे. गुडघाभर गवत, खाली ट्रेलर, वर जीटीओ. आपल्याकडे एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात जुना ट्रॅक्टर उभा असतो ना, अगदी तसा.

१९८८ साली ती स्वित्झर्लंडच्या एका संग्राहकाकडे गेली. तिची नीट दुरुस्ती झाली आणि ती पुन्हा धावायला लागली.

हे वाचून पहिला विचार असा येतो की, शाळा किती मूर्ख! माझ्याही मनात तोच आला. पण जरा थांबा. शाळेचं चुकलं असं मला आता वाटत नाही. तेव्हा जीटीओ म्हणजे जुनी शर्यतीची गाडी, एवढंच. आत ना गालिचा, ना छताला कापड. समोर स्पीडोमीटरसुद्धा नव्हता, कारण शर्यतीत तो कुणाला लागतो? आवाज प्रचंड, उष्णता प्रचंड. घरच्यांना घेऊन देवाला जाता येईल अशी ती गाडी नव्हे. अशी अवजड वस्तू शाळेनं आठ वर्षं सांभाळली, पोरांना शिकवलं आणि चार पैसे करून घेतले. ह्यात चूक कसली?

त्या काळी ही गाडी सगळीकडेच स्वस्त होती. दुसरी एक बघा, चासी नंबर ३८५१ जीटी. ही १९६२ साली फ्रान्सच्या जो श्लेसरनं घेतली. त्याचा जोडीदार होता आंरी ओरेये. हा माणूस १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीईंगची दोन सुवर्णपदकं जिंकलेला. दोघांनी मिळून टूर द फ्रान्स ह्या मोटारींच्या शर्यतीत दुसरा नंबर काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ७ ऑक्टोबर १९६२ ला, पॅरिसजवळच्या माँतलेरीच्या ट्रॅकवर ह्याच गाडीत ओरेयेचा अपघात झाला आणि तो गेला. वय ३६.

गाडी कारखान्यात दुरुस्त झाली. मग इटलीतल्या पावलो कोलोंबोकडे गेली, त्यानं ती घाटातल्या शर्यतींत पळवली. मग एर्नेस्तो प्रिनोथकडे, म्हणजे बर्फ दाबून सपाट करणारी यंत्रं बनवणाऱ्या प्रिनोथ कंपनीचा मालक. आणि १९६५ साली फाब्रित्सिओ व्हिओलाती ह्या तरुणाकडे. पंचवीस लाख लिरांना. आकडा मोठा वाटतो, पण डॉलरमध्ये चारेक हजारच. तीन वर्षांत किंमत अशी उतरली.

व्हिओलातीचं घराणं मिनरल वॉटरच्या धंद्यातलं, पैसेवालं. पण पोरानं शर्यतीच्या नादाला लागू नये असं घरच्यांचं म्हणणं. त्यामुळे हा गडी गाडी लपवून ठेवायचा आणि रात्री सगळे झोपले की बाहेर काढायचा. आपल्याकडे पोरं वडिलांची बुलेट ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतात आणि मग किक मारतात, तोच प्रकार!

ह्या माणसानं गाडी ४५ वर्षं ठेवली. भाव चढले, तरी विकली नाही. भाव पडले, तरी विकली नाही. सान मारिनो ह्या चिमुकल्या देशात त्यानं मारानेल्लो रोसो नावाचं संग्रहालय काढलं आणि गाडी लोकांना बघायला ठेवली. २०१० मध्ये तो वारला. २०१४ साली कॅलिफोर्नियात गाडीचा लिलाव झाला, ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलर. तेव्हाच्या दरानं सव्वादोनशे कोटी रुपयांच्या वर. लिलावाची तारीख होती १४ ऑगस्ट. एंझो फेरारी गेले तीसुद्धा १४ ऑगस्टलाच, १९८८ साली.

टपरीवर पोरानं दाखवला तो व्हिडिओ तिसऱ्या एका जीटीओचा, चासी नंबर ३४१३ जीटी. २०१८ चा लिलाव, ४ कोटी ८४ लाख डॉलर. म्हणजे पोराचा ३४० कोटींचा आकडा बरोबर होता.

आता मूळ प्रश्न. पन्नास हजारांची वस्तू शेकडो कोटींची झाली कशी?

गाडी सुंदर आहे, कमी आहेत, फेरारी नाव आहे, हे सगळं खरं. एंझो फेरारी गेल्यावर किमती एकदम भडकल्या, मग नव्वदीच्या सुरुवातीला फुगा फुटला, मग पुन्हा चढल्या, हेही खरं. जगात काही लोकांकडे पैसा ठेवायला जागा नाही, हेही खरं.

पण मला सगळ्यात मोठं कारण वेगळंच दिसलं. ह्या ३६ गाड्यांतली प्रत्येक गाडी कुणाकडून कुणाकडे गेली, ह्याची साखळी तुटलेली नाही. कुठल्या साली कुणाकडे होती, कुठल्या शर्यतीत कुणी चालवली, कुठे धडकली, कुठला पत्रा बदलला, इंजिन मूळचंच आहे का, सगळं लिहिलेलं आहे. आपल्याकडे जुन्या गाड्यांचा दलाल म्हणतो ना, "साहेब, सिंगल हँड आहे, कागद क्लिअर आहेत." तेच हे, पण साठ वर्षांचं.

आणि ही साखळी आपोआप टिकली नाही. गाड्यांना भाव नव्हता तेव्हा काही वेड्या लोकांनी ती लिहून काढली. जेस पूरे नावाचा एक फ्रेंच गृहस्थ, स्वतः जीटीओचा मालक. त्यानं ह्या सगळ्या गाड्यांचा इतिहास चासी नंबरनिशी गोळा केला आणि १९७७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. साल बघा. तेव्हा ३५८९ जीटी ओहायोच्या गवतात पावसात भिजत होती. एकीकडे गाडी गंजतेय आणि दुसरीकडे कुणीतरी तिचा नंबर वहीत लिहून ठेवतंय. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. १९८२ पासून तर ह्या गाड्यांचे मालक दर पाच वर्षांनी एकत्र जमतात. गाड्या घेऊन.

ती वही नसती तर गवतातली गाडी पुन्हा उभी राहिली असती, पण 'एक जुनी फेरारी' म्हणून. सॉपविथची, आयर्लंडनं पळवलेली, शाळेच्या पोरांनी हाताळलेली ३५८९ जीटी म्हणून नाही. नोंद पक्की नसली की नक्कल करणाऱ्यांचं फावतं. २०१९ मध्ये इटलीत बोलोन्याच्या कोर्टानं २५० जीटीओ ही कलाकृती आहे असं मानून नक्कल करणाऱ्यांना अडवलं होतं.

ओहायोच्या त्या माणसाबद्दलही बोलायला हवं. त्यानं गाडी पावसात ठेवली म्हणून लोक हळहळतात. मीही हळहळलो. पण त्यानं तिचं इंजिन काढून विकलं नाही, तिचे तुकडे केले नाहीत, भंगारवाल्याला फोन केला नाही. नुसती ठेवली. कधीकधी नुसतं ठेवणंही पुरतं.

एक गोष्ट मात्र खटकते. आज ह्यातल्या बऱ्याच गाड्या बंद दारांआड आहेत. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन अजून आपली जीटीओ बाहेर काढतो, पळवतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. पण साध्या घरातल्या पोरांनी पान्हा घेऊन जीटीओ खोलायची, तो काळ परत यायचा नाही. किंमत वाढली आणि गाडी सामान्य माणसाच्या हातातून गेली. त्या शाळेतल्या पोरांना तेव्हा कल्पनासुद्धा नसेल की आपण कशाला हात लावतोय.

आता माझ्या माळ्याची गोष्ट.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका साप्ताहिकात लागलो तेव्हा विशीत होतो. साप्ताहिकाचं नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल. ऑफिसच्या माळ्यावर जुन्या अंकांच्या फायली होत्या, वर्षावार बांधलेल्या, चाळीस-बेचाळीस वर्षांच्या. खाली पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं, धूळ खात. जागा बदलायची ठरली. मालक म्हणाले, "फायलींचं काय करायचं ते बघ." मी बघितलं. रद्दीवाल्याला मीच बोलावलं. टेम्पोत गठ्ठे मीच चढवले. मशीन भंगारात किलोवर गेलं. आलेल्या पैशात स्टाफनं मिसळ खाल्ली आणि वर मालकांनी मला शाबासकी दिली.

पाच-सहा वर्षांनी एक म्हाताऱ्या आजी ऑफिसात आल्या. सोबत नातू. त्यांच्या वडिलांनी गावात एक सत्याग्रह केला होता, साठच्या दशकात, पाण्यासाठी. तुरुंगातही गेले होते. "तुमच्या पेपरात फोटो आला होता बाबांचा. आमच्या घरी एकही फोटो नाही त्यांचा. तेवढा बघू द्या," म्हणाल्या. पैसे नको होते, दाखला नको होता. फोटो बघायचा होता.

मी त्यांना काय सांगितलं माहितीय? "आजी, पावसात भिजल्या हो फायली." खोटं बोललो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. आजी आता नाहीत. आज पहिल्यांदा हे लिहितोय.

त्या ओहायोच्या माणसाच्या जागी मी असतो तर गाडी भंगारात गेली असती, एवढं मला माझ्याबद्दल नक्की माहीत आहे.

म्हणून मंडळी, एक विनंती. दिवाळीची साफसफाई असते, घराचं बांधकाम निघतं, जागा रिकामी करायची असते. तेव्हा माळ्यावरचं सगळं ठेवा असं मी म्हणणार नाही, जागा कुणाकडेच नाही. पण टेम्पो बोलावायच्या आधी एक वही घ्या. वस्तू काय, कुणाची होती, कुणाकडून आली, साल कुठलं, एवढं लिहा. मोबाईलवर फोटो काढा. फोटोच्या मागे माणसांची नावं असतील तर तीसुद्धा. आजोबांच्या सायकलचा नंबर, आजीच्या शिलाई मशीनची पावती, गिरणीचा जुना परवाना, शाळेचं जुनं हजेरी बुक, ग्रंथालयाचं दाखलपुस्तक. ह्यातलं काहीही कोटीला जाणार नाही, त्या भ्रमात राहू नका. पण कधीतरी कुणीतरी म्हातारी नातवाला घेऊन दारात येईल. तेव्हा तिला दाखवायला काहीतरी असावं.

जाता जाता, त्या साप्ताहिकाचा १९८५ च्या आधीचा एखादा अंक कुणाच्या घरी ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली, कपाटाच्या कप्प्यात पसरलेला सापडला तर मला कळवा. मला देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. मी येऊन फोटो काढून घेईन. येताना पेढे आणीन.

आणि टपरीवरच्या त्या पोराला, हे वाचत असशील तर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. लांबलं, पण तू विचारलं होतंस.

(शेअर करायला हरकत नाही, फक्त नावासकट करा.)